चाळीस दिवसांची चिठ्ठी

चिठ्ठी उघडून विनयाने आतले नाव वाचले, तिची पहिल्यासारखीच घडी घातली आणि ती बदलून मिळेल का, असे कल्पनाताईंना हळूच विचारले. कल्पनाताई साळवे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी चष्म्यावरून पाहिले. बदलून देण्याची सोय असती तर हा कार्यक्रम ठेवलाच नसता, असे सांगून त्यांनी पुढच्या माणसापुढे डबा धरला.

लखनौत मराठी ख्रिस्ती कुटुंबे चौदा. बहुतेक सगळी नगरकडची. कुणी बँकेत, कुणी संशोधन संस्थेत, कुणी कारखान्यातून निवृत्त. रविवारी जो तो आपापल्या हिंदी चर्चला जाई आणि महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी कुणाच्या तरी घरी मराठी उपासना होई. त्या वर्षी उपवासकाळाच्या तोंडावर कल्पनाताईंनी जाहीर केले की मटण सोडणे, चहा सोडणे पुष्कळ झाले. यंदा प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची आणि जिचे किंवा ज्याचे नाव निघेल त्या माणसावर ईस्टरपर्यंत चाळीस दिवस प्रीती करायची. गुपचूप, आणि खरी.

‘खरी म्हणजे कशी ओळखायची?’ असे विनयाने विचारले होते. ती वनस्पतिशास्त्रातली डॉक्टर, परागकणांवर काम करणारी, आणि व्याख्या नसलेल्या शब्दावर चाळीस दिवस काढायची तिची तयारी नव्हती. कल्पनाताई म्हणाल्या, ढोंग नसले की झाले. विनयाला ही व्याख्या वाटली नाही. चिठ्ठीत धैर्यशील भिंगारदिवे हे नाव निघाले तेव्हा तिला वाटले, आधीच नीट विचारून घ्यायला हवे होते.

भिंगारदिवे काका एकाहत्तर वर्षांचे, विधुर, आलमबागला बस अड्ड्याच्या मागच्या गल्लीत एकटे राहणारे. विमानाचे सुटे भाग तपासण्यात त्यांची चौतीस वर्षे गेली होती. भाग घ्यायचा, मोजायचा, उलटून पाहायचा आणि शक्यतो नापास करायचा. निवृत्तीनंतर भाग संपले आणि माणसे हाताशी आली. विनया बायबलमधले वचन वाचायला उभी राहिली की तिसऱ्या ओळीला ते तिला थांबवून उच्चार सुधारत. तिच्या घरी उपासना होती तेव्हा हात धुवायला म्हणून गेले ते दहा मिनिटांनी बाहेर आले आणि बेसिनच्या नळाचे वॉशर चुकीच्या मापाचे आहे, असे भर सभेत सांगते झाले. विनयाला ते ‘औषध न देणाऱ्या डॉक्टरीणबाई’ म्हणत. दर वेळी म्हणत, आणि दर वेळी आजच सुचल्यासारखे हसत.

तिचा नवरा देवदत्त म्हणाला, चाळीसच दिवस आहेत, निघून जातील. देवदत्तला चिठ्ठीत एक गरीब, कमी बोलणारे जोडपे मिळाले होते. त्याला बोलायला काय जात होते?

प्रेम वाटणे न वाटणे आपल्या हातात नाही, कृती हातात आहे, असे विनयाने स्वतःपुरते ठरवले. मग ज्या रीतीने ती कुठलेही काम करी त्याच रीतीने तिने हेही सुरू केले. आठवड्यातून दोनदा जायचे, एकदा फोन करायचा. संगणकावर एक तक्ता केला: दिनांक, काय केले, प्रतिसाद, आणि शेवटच्या रकान्यात स्वतःची चीड, शून्य ते दहा. चीड दिवसागणिक उतरत गेली तर पद्धत बरोबर, एवढा साधा हिशेब होता. तक्ता कागदावर पाहिल्याशिवाय तिचे समाधान होत नसे, म्हणून पहिल्या पंधरवड्याचा तिने छापून पाहिला, दोन रकान्यांची रुंदी बदलली आणि तो कागद एका बाजूने कोऱ्या कागदांच्या ट्रेमध्ये टाकला. प्रयोगशाळेत कच्ची छपाई त्याच कागदांच्या कोऱ्या बाजूवर व्हायची. ही शिस्त तिनेच लावली होती. नवे कागद वापरणाऱ्या विद्यार्थ्यांना ती अजून बोलत असे.

चीड काही उतरेना. ऑफिस सुटल्यावर मेट्रोने आलमबाग गाठायचे, बॅटरी रिक्षांच्या गर्दीतून वाट काढत गल्ली गाठायची, आणि काकांनी दार उघडून आधी ती किती मिनिटे उशिरा आली ते सांगायचे. ढोकळा नेला तर कोरडा. सूप नेले तर पातळ. गुपचूपपणाही पहिल्याच दिवशी संपला होता. अलीगंजची बाई कारणाशिवाय गोमती ओलांडून माझ्याकडे ढोकळा आणणार नाही, चिठ्ठी निघालेली दिसते, असे ते डबा उघडण्याआधीच म्हणाले. त्याचे त्यांना वाईट वाटलेले दिसले नाही. उलट पुढच्या खेपेला ते घड्याळ लावून बसलेले असत.

तिसऱ्या आठवड्यात तिच्या लक्षात आले की चहा ओतताना ते कपाच्या कडेवर बोट ठेवून अंदाज घेतात. विचारल्यावर त्यांनी सांगितले, कुणाच्या तरी गाडीचा बिघाड सांगावा तसे. डावा डोळा काचबिंदूने चार वर्षांपूर्वीच गेला. उजव्यात मोतीबिंदू पिकलाय आणि आता आतला दाबही वाढतोय. ऑपरेशनची तारीख मिळाली आहे, मार्चमधला तिसरा सोमवार. सोबत माणूस हवा असे दवाखान्याने सांगितले आहे. पुण्याहून भाचा येणार आहे. विनयाने तारीख लिहून घेतली आणि मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास सोडला. भाचा येणार म्हणजे त्या आठवड्यात तिच्या दोन फेऱ्या वाचणार होत्या.

जाता जाता तिला वाटले, गीतपुस्तकातली अक्षरे ह्यांना दिसत नसणार. तरी हे मोठमोठ्याने गातात, म्हणजे पाठ असलेले तेवढेच गातात आणि नसलेल्या ओळींना नुसता आवाज लावतात. दुसऱ्या शनिवारची गीते तिने अंगठ्याएवढ्या अक्षरांत टाइप केली, प्रयोगशाळेत छापली, टाचली आणि नेऊन दिली. काकांनी कागद खिडकीशी धरून पाहिले. कडेवरून बोट फिरवले. मग म्हणाले, समास जरा जास्त सोडलाय. तक्त्यात तिने प्रतिसाद लिहिला आणि चीड पाच.

शनिवारी उपासना कल्पनाताईंकडे होती, अलीगंजलाच. काका तिथपर्यंत एकटे आले होते, मेट्रो आणि रिक्षा बदलून, हातात ते कागद घेऊन. पाने उलटायला म्हणून कल्पनाताईंनी आपली नात सुरुची त्यांच्याशेजारी बसवली. अकरावीतली मुलगी; मराठी सगळे कळायचे, वाचायचीही, बोलायची मात्र हिंदीत. दोन गीते झाली. काका त्या दिवशी प्रत्येक ओळ गायले, आणि विनयाला कबूल करावे लागले की शब्द असले म्हणजे त्यांचा आवाज इतका काही वाईट नाही.

तिसऱ्या गीताचे पान उलटताना सुरुची थांबली. ‘दादाजी, पीछे भी कुछ लिखा है.’

‘मग वाच. मागची बाजू सोडायची नसते,’ काका म्हणाले.

तिने शाळेत धडा वाचावा तसे स्पष्ट, ठासून वाचले. दिनांक. कृती. प्रतिसाद. चीड, शून्य ते दहा. विनयाच्या कानांना ते ओळखीचे वाटले आणि पुढच्याच क्षणी आपला तक्ता आठवला. उठून कागद ओढून घ्यावा, इतके साधे त्या वेळी तिला सुचले नाही.

‘सोमवार. ढोकळा नेला. धै. भिं. म्हणाले कोरडा आहे. चीड सहा. बुधवार. फोन, सत्तावीस मिनिटे. विषय नळाचे वॉशर. चीड आठ. शुक्रवार. गेले नाही. चीड शून्य.’

इथे सुरुचीला आपण काय वाचतोय ते कळले आणि ती थांबली. खोलीत चौदा घरची माणसे होती आणि धै. ह्या अक्षराने सुरू होणारे नाव एकच होते.

काकांनी तिच्या हातून कागद घेतला, चाचपून कडा जुळवल्या आणि घडी घातली. ‘त्या शुक्रवारी मी पोहे करून ठेवले होते,’ ते म्हणाले. तक्रार नव्हती, नोंदीतली राहून गेलेली माहिती पुरवावी तसे म्हणाले. मग छडी शोधली आणि निघाले. देवदत्त सोडायला मागोमाग गेला, त्याला त्यांनी फाटकातूनच परत पाठवले.

घरी परतताना विनया सगळ्यांवर चिडली होती. मोठ्याने वाचणाऱ्या मुलीवर, मागची बाजू वाचायला लावणाऱ्या म्हाताऱ्यावर, चिठ्ठ्यांचे खूळ काढणाऱ्या कल्पनाताईंवर आणि सगळ्यांत जास्त त्या ट्रेवर. देवदत्तने गाडी घराच्या गल्लीत वळवली. मग म्हणाला, ‘एक सांगू? आठ जरा जास्त होतं.’ पोह्यांचे तिला ठाऊक नव्हते. त्या शुक्रवारी काम नव्हते, पाऊस नव्हता, काही नव्हते. नुसता कंटाळा आला होता.

रविवारी चर्चहून आल्यावर कल्पनाताईंचा फोन आला. भाचा येणारच नव्हता. त्याने जानेवारीतच नाही म्हटले होते आणि काकांनी ते कुणाला सांगितले नव्हते. आयत्या वेळी कुणाला तरी विचारू, असा त्यांचा बेत असावा. आता त्यांनी दवाखान्याला फोन करून उद्याचीच तारीख रद्द करायला सांगितले होते. कल्पनाताईंनी देवदत्तचे नाव सुचवले, आणखी तीन घरांची नावे सुचवली. प्रत्येक नावाला काकांचा एकच प्रश्न: त्याला माझी चिठ्ठी निघाली आहे का? पुढची तारीख मिळायला सहा आठवडे लागणार होते, आणि दाब असा वाढत असताना सहा आठवडे थांबण्याजोगा तो डोळा नव्हता, हे डॉक्टरांनी त्यांना बजावून सांगितले होते.

 

विनयाने दवाखान्यात फोन लावला. रविवारच्या माणसाने सांगितले की रद्द करण्याचा निरोप आला आहे, पण यादी सोमवारी आठला बदलेल. त्याआधी पेशंट हजर झाला तर नाव आहे तिथेच आहे. तिने देवदत्तला सांगितले, उद्या गाडी मी नेते. तो बरोबर येतो म्हणाला, तिने नको म्हटले. तिथे जाऊन काय बोलायचे ते तिने ठरवायचा प्रयत्न केला. प्रार्थनाही केली. पण डोक्यात वाक्ये यायची ती सगळी तक्त्यातल्यासारखी.

सोमवारी सहाला ती आलमबागच्या गल्लीत होती. काकांनी दार उघडले. कोण आहे ते कळल्यावर ते दारातच उभे राहिले, आत या म्हणाले नाहीत.

‘सलाम, काका,’ ती मंडळीतल्या रिवाजाप्रमाणे म्हणाली.

‘सलाम. आज कितवी नोंद?’

‘नोंद बंद केली. फाइल पुसून टाकली,’ ती म्हणाली. ‘मी चुकले. कागद तुमच्यापर्यंत आला ही चूक नव्हे. मी ते लिहीत होते, ती चूक.’

‘तक्ता नीट होता. मी पार्टसाठी असाच भरायचो.’ त्यांनी दाराची कडी चाचपली. ‘पार्टला वाचता येत नाही, एवढंच.’

तिने मुद्द्याचे सांगितले: यादीत नाव अजून आहे, आठच्या आत पोहोचायला हवे. काका म्हणाले, त्यांना दयेची माणसे नकोत. पाळीने केलेली प्रीती नको. चाळीस दिवस संपले की एक्केचाळिसाव्या दिवशी कोण येतो ते त्यांना ठाऊक आहे. तुम्ही जा, ऑफिसला उशीर होईल. आणि गाडी फाटकासमोर लावलीत ती दूधवाल्याच्या वाटेत आहे.

गाडीचे ऐकले आणि विनयाचा तोल गेला. ती मोठ्याने बोलणारी बाई नव्हती. त्या गल्लीने तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

‘काका, तुम्ही मला आवडत नाही. महिनाभर मी त्यासाठी प्रार्थना केली, तरी आवडत नाही. तुम्ही माझं वाचन तोडता. दमून आले तर घड्याळ दाखवता. तुम्ही बोलायला लागलात की माझं डोकं उठतं. हे सगळं मी तुमच्या तोंडावर बोलायला हवं होतं, ते कागदाला सांगत बसले आणि इथे येऊन गोड बोलले. पण तुमचा डोळा जाता कामा नये. गेला तर मला ते चालणार नाही.’

‘का? मनाला टोचणी लागेल म्हणून?’

तिने विचार केला. खोटे बोलायची ही वेळ नव्हती. ‘तेही आहे. पण तेवढंच नाही. उरलेलं काय आहे ते मला सांगता येत नाही.’

पलीकडच्या घरातून एका बाईने डोकावून पाहिले आणि पडदा ओढला. काका तिच्या आवाजाच्या दिशेने मान किंचित कलती करून उभे होते.

‘आठ कशाबद्दल होते? वॉशरबद्दल?’

‘हो.’

‘वॉशरचं मी बरोबर सांगत होतो.’

‘बरोबरच होतं. मी बदलून घेतलं. म्हणून तर आठ.’

त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. ‘थांबा,’ ते म्हणाले. ‘शर्टाला इस्त्री करायची आहे.’

साडेसहा वाजून गेले होते. तिने सांगून पाहिले की तिथे गेल्यावर दवाखान्याचे हिरवे कपडेच घालायचे आहेत. काकांचे म्हणणे, तिथपर्यंत तर शर्टातच जायचे आहे. त्यांनी इस्त्री तापवली, पाण्याचे थेंब टाकून आवाजावरून अंदाज घेतला, कॉलर उलटी केली, सुलटी केली. विनया दारात उभी राहून मिनिटे मोजत होती आणि तिला ओरडावेसे वाटत होते. इस्त्री मी करते, असे ती एकदा म्हणाली. तुमच्याने बाही जमणार नाही, असे उत्तर आले. मग कुलूप लावले, तीनदा ओढून पाहिले, दोन पावले गेले आणि चौथ्यांदा ओढून पाहायला परत फिरले.

आठला चार मिनिटे असताना ते पोहोचले. संमतीचा अर्ज पाच पानी होता. काकांनी खालची बारीक अक्षरेही विनयाकडून वाचून घेतली, दोन ठिकाणी शंका काढल्या आणि मागच्या रांगेतला एक माणूस ‘अरे चाचा, शादी का कार्ड है क्या’ म्हणाला तेव्हा त्याला, एकच डोळा असता तर तूही पूर्ण वाचले असतेस, असे शुद्ध हिंदीत सुनावले. विनयाने मान खाली घालून पुढचा परिच्छेद वाचायला घेतला.

आत जाताना त्यांचा एक हात भिंत शोधत होता. तिने तो धरला नाही. त्यांना ते आवडले नसते, असे तिला वाटले. तिने फक्त त्यांची छडी घेतली. ‘इथेच आहे,’ ती म्हणाली.

दीड तास ती बाकावर बसली होती. ऑफिसचे चार फोन आले, एकही घेतला नाही.

डॉक्टर बाहेर आल्या. भिंग नीट बसले, दाब उतरला. पण पट्टी उद्या सकाळपर्यंत राहील. तोवर ह्यांना काहीच दिसणार नाही, एकटे सोडायचे नाही. त्यानंतर आठवडाभर दिवसातून सहा वेळा थेंब, तेही दुसऱ्याने घालायचे. काकांना चाकाच्या खुर्चीतून आणले तेव्हा त्यांनी आधी शर्ट कुठे ठेवला ते विचारले, आणि मग म्हणाले, आलमबागला सोडा, शेजारच्या बाईंना सांगतो, त्या बघतील.

‘त्या पडदा ओढून घेतात,’ विनया म्हणाली. ‘तुम्ही आमच्याकडे येताय. आठ दिवस.’

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आले. देवदत्तला विचारले नव्हते. मधली खोली तिच्या पुस्तकांनी भरलेली होती. आठ दिवस म्हणजे आठ सकाळी आणि आठ संध्याकाळी.

काकांनी आपली अट घातली. ते साडेचारला उठतात आणि उठल्यावर गातात. देवाची स्तुती आहे, ती मनात होत नाही.

‘सहाच्या आधी नाही,’ ती म्हणाली.

‘पाच.’

‘सहा. खाली लहान बाळ आहे.’

‘साडेपाच. हळू आवाजात.’

‘तुम्हाला हळू आवाज येत नाही, काका.’

हे त्यांना मान्य करावे लागले. पावणेसहावर मिटले, आणि तेही फक्त कडवी. ध्रुवपद दोनदा घ्यायचे नाही. वॉर्डबॉयने त्यांना गाडीत बसवले. विनयाने पट्टा लावून दिला, त्यांनी तो चाचपून पुन्हा स्वतः काढला आणि लावला.

कानपूर रोडवर तेव्हा ट्रक, बस, रिक्षा सगळे एकाच वेळी घुसत होते. तिला झोप अपुरी होती, भूक लागली होती आणि संस्थेत काय सांगायचे ते सुचत नव्हते. शेजारी काका डोळ्यावर पट्टी बांधून ताठ बसले होते, मान इंजिनाच्या बाजूला किंचित कलती.

‘चौथ्या गिअरमध्ये ओढताय,’ ते म्हणाले. ‘तिसरा टाका.’

‘काका, तुम्हाला रस्तासुद्धा दिसत नाहीये.’

‘ऐकू येतंय ना.’

पुढची बस मंदावली होती, चढ होता आणि गाडी खरोखरच गुरगुरत होती. चिडूनच तिने तिसरा टाकला.